प्राथमिक शाळा आणि आंतरजालावरील सुरक्षितता

मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या, आणि ज्या मोबाईलला हात लावला म्हणून मुलांना आदल्या आठवड्यापर्यंत बोलणी खावी लागत होती, तोच मोबाईल शाळेच्याच सांगण्यावरून त्यांच्या हाती देण्यात आला. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाप्रमाणे २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या घरात गेले. पुढे शाळा उघडल्या, घंटा वाजू लागल्या. परंतु घरात आलेला मोबाईल परत गेला नाही. आज कित्येक मुले अक्षरे जुळवून वाचावयास लागण्यापूर्वीच बोटाने चित्रफीत पुढे सरकवावयास शिकतात. रस्ता कसा ओलांडावा, उघड्यावरचे का खाऊ नये, हे त्यांना पहिलीपासून सांगितले जाते. पडद्यापलीकडच्या रस्त्याविषयी मात्र बहुतेक प्राथमिक शाळा अजून मौन पाळून आहेत.

या विषयावर मार्गदर्शन अजिबात नाही असे नव्हे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१८ मध्ये सायबर सुरक्षेविषयी एक पुस्तिका काढली. ती किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० मध्ये दुसरी काढली. ती माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी होती. दोन्ही उपयुक्त आहेत. परंतु त्या ज्या वयासाठी लिहिल्या गेल्या, त्या वयापर्यंत मुलांच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्क्यांनी आपणांस स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले, आणि सुमारे ७६ टक्क्यांनी मागील आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांत आपले खाते खाजगी कसे करावे हे ठाऊक असणारी जेमतेम ५५ टक्के निघाली. बाकीच्यांना पाण्यात उतरून काही वर्षे झाल्यावर पोहण्याचा पहिला धडा मिळावयाचा आहे.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सप्टेंबर २०१४ पासून संगणनाचा विषय वयाच्या पाचव्या वर्षापासून सुरू होतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांकडून सुरक्षिततेच्या बाबतीत त्यात अगदी मोजकी अपेक्षा केलेली आहे: साधनांचा वापर जपून व इतरांचा मान राखून करावा, स्वतःची माहिती खाजगी ठेवावी, आणि पडद्यावरचे काही खटकले किंवा कोणी संपर्क साधून त्रास दिला तर मदत कोठे मागावी हे ओळखता यावे. यांतील शेवटच्या अपेक्षेचे मोल सर्वांत अधिक आहे. सहा वर्षांच्या मुलाकडून फसवणूक ओळखण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. ती तर बँकेतील निवृत्त अधिकाऱ्यांनाही ओळखता येत नाही. पण काही विपरीत घडले की धावत कोणाकडे जावयाचे, हे सहा वर्षांच्या मुलाला निश्चित शिकवता येते. आपल्याकडे उपदेशाची यादी लांबत जाते आणि नेमकी हीच गोष्ट तिच्यातून गळते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. लहान मुलांना मोबाईल देऊच नये, म्हणजे शिकवण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे पुष्कळ जाणती माणसेही म्हणतात. समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास तेरा वर्षे पूर्ण हवीत, असा नियम त्या कंपन्यांनीच केलेला आहे, याकडेही बोट दाखवले जाते. परंतु हा तेराचा आकडा आला कोठून? अमेरिकेत १९९८ मध्ये एक कायदा झाला आणि तो २००० मध्ये अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असे त्याने व्यावसायिकांना बजावले. संमती मिळवण्याची यातायात नको म्हणून कंपन्यांनी तेराखालच्या मुलांना आपल्याकडे प्रवेशच नाही असे जाहीर करून टाकले. बालमनाच्या वाढीत तेराव्या वर्षी काही पक्वता येते, असा शोध या आकड्यामागे नाही. तो माहितीच्या व्यापाराच्या कायद्यातून आलेला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून ही मर्यादा सोळा केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिचा अंमल सुरू झाला. त्या प्रयोगाचे फलित कळण्यास अद्याप काही वर्षे जावी लागतील.

मर्यादा सोळा असो वा तेरा, आपल्याकडील वस्तुस्थिती निराळी आहे. येथे मोबाईल मुलाचा नसतो, घराचा असतो. तो वडिलांच्या खिशातून आईकडे, आईकडून ताईकडे आणि ताईकडून धाकट्याकडे फिरतो. खाते बापाच्या नावाचे, बोट सात वर्षांच्या मुलीचे. अशा ठिकाणी वयाची अट कोणाला अडवणार? शिवाय कित्येक घरांत वाचता येणारे पहिले माणूस म्हणजे तिसरी-चौथीतील मूलच असते. आजीच्या मोबाईलवर बँकेचा निरोप आला की ती नातवाला हाक मारते, आणि नातू तो मोठ्याने वाचून दाखवतो. पलीकडून कोणी भामटा तोच आकडा विचारत असेल, तर त्या क्षणी सगळ्या घराची तिजोरी त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या जिभेवर असते. त्याला मोबाईल न देण्याने हा प्रसंग टळत नाही. तेव्हा मुलांच्या हाती मोबाईल जितका कमी तितका बरा, हे मान्य करूनही शिकवण्याची गरज उरतेच.

शिकवावयाचे ठरले की भीती घालण्याचा मोह होतो. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ नावाच्या एका जीवघेण्या खेळाची वार्ता देशभर पसरली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांना त्याचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. शाळाशाळांतून सूचना गेल्या, पालकांच्या सभा भरल्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की, तज्ज्ञांच्या समितीने तपासलेल्या घटनांपैकी एकीशीही त्या खेळाचा संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी ‘मोमो’ची पाळी आली. मोठाले डोळे आणि विस्कटलेले केस असलेला एक भेसूर चेहरा मुलांना आत्मघातकी आज्ञा देतो, अशी ती वदंता होती. तो चेहरा वास्तविक २०१६ मध्ये टोकियोच्या एका कलादालनात मांडलेल्या शिल्पाचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधील बालकल्याण संस्थांनी हा प्रकार निराधार असल्याचे स्पष्ट केले. तोवर अनेक मुलांनी तो चेहरा पाहिला होता, आणि तो त्यांना दाखवला होता सावध करू पाहणाऱ्या मोठ्या माणसांनीच!

भीतीचा दुसरा दोष अधिक घातक आहे. ‘हे केलेस तर भयंकर होईल’ असे ज्याला बजावले, त्या मुलाच्या हातून ते झालेच, तर ते सांगण्याचे धैर्य त्याच्यात उरत नाही. फसवणाऱ्याला नेमके हेच हवे असते. मुलाचे एखादे चित्र हस्तगत केल्यावर ‘घरी कळले तर तुलाच मार बसेल’ एवढीच धमकी त्याला पुरते. आणि ती खरी ठरेल याची तजवीज शाळेने व घराने आधीच करून ठेवलेली असते.

मग शिकवावे काय? विज्ञानाच्या शिक्षकाला याचे उत्तर अवघड वाटू नये. गोष्ट कशी घडते ते समजले की ती का टाळावी हे वेगळे घोकावे लागत नाही. त्यासाठी संगणकाची खोली लागत नाही, वीजही लागत नाही. परिसर अभ्यासाचा तास, खडू, फळा आणि थोडे कागद एवढ्यावर पुष्कळ होते.

पहिला पाठ प्रतीचा. मोबाईलवरून ‘पाठवलेले’ चित्र पत्राप्रमाणे आपल्या हातून जात नाही. ते आपल्याकडे राहते आणि त्याची प्रत दुसऱ्याकडे जाते. हा फरक मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही. वर्गात एका मुलाने कागदावर एक साधे चित्र काढावे. त्याने ते दोघांना दाखवावे, त्या दोघांनी आपापल्या कागदावर उतरवून घ्यावे आणि प्रत्येकाने ते आणखी दोन नव्या मुलांना दाखवावे. चार फेऱ्यांत एकतीस मुलांच्या वर्गातील प्रत्येकाजवळ ते चित्र पोचते. आता पहिल्या मुलाने स्वतःचा कागद फाडून टाकावा आणि शिक्षकांनी विचारावे: चित्र नाहीसे झाले काय? मुले हसतील. त्या हसण्यातच पाठ संपला. प्रत्येकाने दोघांऐवजी पाच जणांना पाठवले तर दहाव्या फेरीत नव्वद लाखांहून अधिक लोकांपर्यंत ते जाईल, हा गुणाकार चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घेता येतो.

दुसरा पाठ परवलीच्या शब्दाचा, आणि तो गणिताच्या तासाला घेतल्यास अधिक रंगतो. बँकेकडून येणारा ओटीपी बहुधा सहा आकड्यांचा असतो. शून्यापासून नऊपर्यंतचे अंक सहा घरांत बसवले तर दहा लाख निरनिराळ्या संख्या होतात. चोर न थांबता दर सेकंदाला एक संख्या लावून पाहू लागला, तर सगळ्या संपण्यास साडेअकरा दिवसांहून अधिक काळ लागेल. ओटीपीचे आयुष्य मात्र काही मिनिटांचे असते, आणि चुकीचा आकडा थोड्याच वेळा चालतो. म्हणजे हे कुलूप अंदाजाने उघडणे चोराला जवळजवळ अशक्य आहे. मग तो काय करील? तो आकडा विचारून घेईल! दहा लाख किल्ल्या लावून पाहण्यापेक्षा घरातल्या माणसाकडून किल्ली मागून घेणे सोपे, हे तिसरीचे मूलही जाणते. ‘ओटीपी कोणाला सांगू नये’ हे वाक्य पाठ केलेले मूल बँकेतून बोलत असल्याचे सांगणाऱ्या गृहस्थाला अपवाद करील. हा हिशेब ज्याने स्वतः केला, तो करणार नाही. कारण बँकेने स्वतःच पाठवलेला आकडा बँक परत का विचारते, असा प्रश्न त्याला पडेल. याच ओघात मोबाईलच्या चार आकडी पिनचाही हिशेब होतो. त्याच्या दहा हजार शक्यता. पण पिन म्हणून जन्मसाल घातले तर त्या शंभराच्या आत येतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो, ही गोष्टही येथेच सांगून टाकावी. घरी जाऊन मूल ती आजीला सांगते, आणि ते फार उपयोगी पडते.

जुन्या किल्ल्यांच्या दारांवर ओळखीच्या शिलेदारालाही परवलीचा शब्द विचारला जात असे, हे मुलांनी गोष्टींतून ऐकलेले असते. आता त्या गोष्टीला नवा अर्थ आला आहे. गेल्या काही वर्षांत यंत्राच्या साहाय्याने कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येऊ लागली आहे. तेव्हा ‘मी काका बोलतोय’ असा ओळखीचा आवाज म्हणजे काकाच, असे राहिलेले नाही. प्रत्येक घराने आपला एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. मुलांना हा खेळ मनापासून आवडतो आणि तो शब्द ती मोठ्यांपेक्षा चांगला सांभाळतात.

तिसरा पाठ चित्र वाचण्याचा. गणवेशातील एक मूल नव्या सायकलीसह घराच्या फाटकाशी उभे आहे, असे चित्र फळ्यावर काढावे किंवा शिक्षकांनी स्वतःचे तसले एखादे छायाचित्र आणावे, आणि त्यातून काय काय कळते ते मुलांना शोधावयास सांगावे. बिल्ल्यावरून शाळा कळली, मागच्या दुकानाच्या पाटीवरून गल्ली कळली, गाडीच्या क्रमांकावरून गाडीचा मालक कळू शकेल, सायकलीवरून घरात नुकतीच खरेदी झाल्याचे कळले. डोळ्यांना न दिसणारीही एक गोष्ट चित्रासोबत जाऊ शकते: मोबाईलमध्ये तशी सोय चालू असेल तर छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. या पाठाचा एक आनुषंगिक परिणाम असा की, वाढदिवसाचे, बक्षिसाचे किंवा रडण्याचेसुद्धा चित्र आईबापांनी चार गटांत पाठवले, तर ते आपल्याला विचारून पाठवले काय, असे मूल विचारू लागेल. तसे त्याने विचारावेच. शाळांनीही आपल्या स्नेहसंमेलनाची चित्रे नावानिशी सर्वत्र टाकण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारण्यास हरकत नाही.

त्यापुढचा पाठ अपुऱ्या गोष्टीचा. एखादी छोटी कथा शेवटची दोन वाक्ये गाळून वाचावी, कोण चांगला व कोण वाईट हे मुलांना ठरवू द्यावे, आणि मग ती वाक्ये वाचावी. निकाल उलटला की मुले चक्रावतात. हा खेळ क्षुल्लक नाही, हे निदान शिक्षकांना तरी ठाऊक असावयास हवे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांबरोबर एक चित्रफीत देशातील अनेक राज्यांत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळची ती फीत कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध राहण्याचा इशारा दिला जातो. तो शेवट कोणी तरी कापला होता. त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असे बंधन घातले. हा इतिहास सात वर्षांच्या मुलांना सांगावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘याचा शेवट कोठे आहे?’ असे विचारण्याची सवय त्यांना आज लागली, तर ती मोठेपणी उपयोगी पडेल.

चित्रफितींमागून चित्रफिती आपोआप का येत राहतात, हेही थोडक्यात सांगावे. मुलांनी एका दिवसाची वही करावी आणि स्वतः निवडून पाहिलेल्या फिती एका रकान्यात, आपोआप समोर आलेल्या दुसऱ्या रकान्यात मांडाव्या. पुढची फीत यंत्र निवडते. ते मुलाचे हित पाहत नाही, मूल किती वेळ खिळून राहील ते पाहते. दुसरा रकाना किती लांब झाला हे पाहून मुलांनाच नवल वाटेल.

‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ हा या विषयातील सर्वांत जुना उपदेश. तो चुकीचा नाही, परंतु फार अपुरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल चाळले तर मुलांवरील गंभीर लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असे वर्षानुवर्षे दिसते. आंतरजालावर तर अनोळखी माणूस आठवडाभर गोड बोलून ओळखीचा होतो. मुलाच्या दृष्टीने तो आता ‘मित्र’च असतो. म्हणून माणसाची खूण सांगण्याऐवजी वागण्याची खूण सांगावी. मराठीत यासाठी दोन सोपे शब्द आहेत: गंमत आणि गुपित. आईच्या वाढदिवसाची भेटवस्तू लपवून ठेवणे ही गंमत. ती कधी ना कधी उघड व्हावयाचीच असते आणि उघड झाल्यावर सर्वांना आनंद होतो. ‘हे कधीच कोणाला सांगू नकोस’ असे जे बजावले जाते ते गुपित. ते पोटात दुखते. ज्याने गुपित ठेवावयास सांगितले, तो शेजारचा दादा असो, खेळातला सोबती असो की खुद्द शाळेतील कोणी असो, त्याची गोष्ट त्याच दिवशी सांगावयाची, एवढे मुलांच्या मनावर बिंबले तरी पुष्कळ झाले.

या ठिकाणी शब्दांचा प्रश्न येतो. ज्या गोष्टीला मुलाजवळ शब्द नाही ती गोष्ट त्याला सांगता येत नाही. शरीराच्या अवयवांची नावे घेण्यास घरात बंदी, शाळेत संकोच. मग मुलाने तक्रार कोणत्या शब्दांत करावी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंतचे शिक्षण शक्यतो मातृभाषेतून व्हावे असे म्हटले आहे. इंदूर, बेळगाव किंवा दिल्ली येथील मराठी मुलांनाही हा विषय तरी घरच्या भाषेत कळावयास हवा. मात्र मातृभाषेचा अर्थ बोजड प्रतिशब्द असा होता कामा नये. मुले ‘ब्लॉक’ म्हणतात, ‘ओटीपी’ म्हणतात. ते शब्द आता मराठीच झाले आहेत. जेथे खरोखर मराठीची गरज आहे ती जागा वेगळी: भीती वाटली, लाज वाटली, नको वाटले, हे सांगण्याची.

आणि मूल सांगावयास आले म्हणजे मोठ्यांनी काय करावे? बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती ही, की मोबाईल काढून घेतला जातो. पालकांचा हेतू चांगला असतो, पण मुलाच्या हिशेबी ती शिक्षाच होय. सांगितले की खेळ जातो, न सांगितले की राहतो; पुढच्या वेळी ते काय करील, हे वेगळे सांगावयास नको. शाळेने पालकसभेत एकच गोष्ट पुन्हापुन्हा मांडावी की, सांगणाऱ्या मुलाला त्या सांगण्याबद्दल काहीही गमवावे लागू नये. मोबाईलच्या वेळेचे नियम जरूर असावेत. ते आधी ठरावेत, कबुलीजबाबानंतर नव्हे.

आता एका गैरसमजाचे निराकरण करणे प्राप्त आहे. मुलांना शिकवले की आपले काम संपले, असे मोठ्यांना वाटू लागण्याचा धोका या सर्व शिक्षणात आहे. या संदर्भात नारूच्या रोगाचे उदाहरण बोधप्रद ठरेल. हा रोग पसरवणारे सूक्ष्म जलचर पायविहिरींच्या पाण्यात असत. लोकांना पाणी दाट कापडातून गाळून पिण्यास शिकवले गेले, आणि भिंगातून त्या पाण्यातील हालचाल पाहिलेल्याला गाळण्याची आठवण करून द्यावी लागत नसे. पण तेवढ्यावर न थांबता पायविहिरी बदलण्यात आल्या, हातपंप बसवले गेले, पाण्यात औषध टाकले गेले. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. गाळण्याचे कापड मुलाच्या हाती देणे हे शाळेचे काम. विहीर दुरुस्त करणे हे मुलाचे काम नव्हे.

विहीर दुरुस्त करण्याची जबाबदारी कंपन्यांची आणि सरकारची आहे, आणि ती आपखुशीने पार पाडली जात नाही हे सप्टेंबर २०१९ मध्ये दिसून आले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूब यांनी त्या वेळी अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. त्याची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. कायदा चांगला आहे. परंतु ज्या घरात मूल बापाच्या खात्यावरून पाहते, त्या घरात कंपनीला मूल दिसतच नाही. ही अडचण पडताळणी कडक करून सुटेल असे दिसत नाही. लहान मुले वापरण्याचा संभव असलेले प्रत्येक साधन मुळातच सौम्य ठेवणे हाच सरळ मार्ग होय, आणि तसा आग्रह पालकसंघांनी व शिक्षकसंघटनांनी धरावयास हवा.

शिक्षकांना या कामासाठी वेगळा तास मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर सांगितलेले पाठ गणित, भाषा आणि परिसर अभ्यास यांतच बसतात. मात्र काही गोष्टी त्यांनी स्वतः जाणून घेतल्या पाहिजेत. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याचा संभव तासागणिक कमी होत जातो. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास असल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याप्रमाणे तो कळवणे ऐच्छिक नाही. माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा होतो, आणि शाळेच्या नावाला बट्टा लागेल ही सबब तेथे चालत नाही. मुलाला तीच हकीकत मुख्याध्यापकांपुढे, मग विश्वस्तांपुढे, मग पालकांपुढे अशी पुन्हापुन्हा सांगावयास लावू नये. मोबाईलवरील निरोप पुसून टाकू नयेत, कारण तो पुरावा असतो. आणि मुलाचे आक्षेपार्ह चित्र हाती आले, तर ‘बघा, काय प्रकार आहे’ म्हणून ते सहकाऱ्यांच्या गटात पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली असे चित्र पुढे पाठवणेही अपराधच आहे, मग पाठवणारा शिक्षक का असेना.